निवलेली राख

राखेत बाबांची पट्टी सापडली नाही, तेव्हाच मी बोलायला हवं होतं.

पट्टी टायटॅनियमची. स्कूटरवरून पडले त्या वर्षी बाबांच्या मांडीच्या हाडात बसवलेली, वीतभर लांब, स्क्रूंसकट. आभाळ भरून आलं की मांडीवर थाप मारून ते म्हणायचे, "आला बघ सिग्नल. वेधशाळेच्या आधी मला कळतं." विमानतळावर दरवेळी यंत्र ओरडलं की यांना कोण आनंद.

तिसऱ्या दिवशी सकाळी अस्थी सावडायला मीच गेले. आमच्याकडे बायका जात नाहीत, पण मी एकुलती एक, आणि आईच म्हणाली, "जा. त्यांना चाललं असतं." माझी ठकू तेव्हा सात महिन्यांची. तिला आईच्या मांडीवर दिलं, कपाळाला हाताची उलटी बाजू लावून ताप नाही ना बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि चुलतभावाच्या, दिगूदादाच्या गाडीत बसले. ठकूच्या पायात अंगाचं तापमान सांगणारा पट्टा आहे, आता सगळ्याच बाळांना असतो. पण मला माझ्या हाताशिवाय भरवसा वाटत नाही.

निघताना आईनं दुधाची लोटी हातात दिली. "दूध-पाणी नीट शिंपडा. चटका बसेल असं काही उचलायचं नाही. धग असेपर्यंत ते त्याचं असतं. निवलं की मग आपलं."

लाकडावरचं दहन आता मोजक्याच घाटांवर उरलंय. बाबांनी तसं सांगून ठेवलं होतं, म्हणून नदीपलीकडच्या जुन्या घाटावर नेलं होतं. मी दहनाला नव्हते. आम्ही पोचलो तेव्हा दोन ओट्यांपैकी एक सावडून, धुऊन लख्ख झालेला. दुसऱ्यावर राख.

दादा क्षणभर थबकला. "उजवीकडचा होता का रे आपला?" तो स्वतःलाच म्हणाला. मग, "एकच राहिलाय म्हणजे हाच की."

पायांकडून सुरुवात करायची असते, डोक्याशी संपवायचं. दुधा-पाण्यानं राख काळी पडली. आम्ही वाकून बोटांनी चाळत पुढे सरकत गेलो, आणि मागे राखेत आमच्या बोटांचे लांबच लांब पट्टे उमटत गेले. मांडीच्या जागी मी दोनदा चाळलं. पट्टी नव्हती.

"वितळली असेल गं," दादा म्हणाला.

नाही वितळत. सरणाची आग हजार अंशांच्या आसपास असते. टायटॅनियमला सोळाशेच्या वर लागतात. हे मला झोपेतही सांगता येतं, कारण मूलद्रव्यं हाच माझा धंदा आहे. पण छातीत दूध दाटून आलं होतं, ठकू रडत असेल असं सारखं वाटत होतं, आणि दादाचे डोळे सुजलेले होते. मी गप्प बसले. तांब्याचा कलश पांढऱ्या फडक्यात बांधून आम्ही घरी आणला आणि अंगणातल्या करंजाच्या फांदीला टांगला. घरात नेत नाहीत. दहाव्याला संगमावर विसर्जन करायचं ठरलं होतं.

आई रोज संध्याकाळी झाडाखाली दिवा ठेवायची आणि कलशाशी बोलायची. "आज मुगाची खिचडी केली होती हो. तुम्हाला नावडती."

*

नवरा, सुहृद, पुण्याला परतला. मी मागे राहिले, कारण माझं काम कुठूनही होतं. मी मेलेल्या ताऱ्यांची राख वाचते.

हे थोडं सांगायला हवं. मोठ्या ताऱ्याच्या पोटात चिरोट्यासारखे पदर असतात. वर हायड्रोजन, त्याखाली हेलियम, मग कार्बन, निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन आणि मधोमध लोखंड. प्रत्येक पदर जळून खालचा तयार होतो. लोखंड मात्र जाळून काही हाती लागत नाही. तिथे चूल विझते, गाभा स्वतःच्या वजनानं कोसळतो आणि वरचे पदर फुटून उधळतात. ती राख हजारो वर्षं पसरत राहते. तिच्यातलं प्रत्येक मूलद्रव्य आपल्याच ठरलेल्या रंगात चमकतं: जिथे राख अजून तापलेली आहे तिथे क्ष-किरणांत, जिथे निवली आहे तिथे अवरक्त किरणांत. नव्या अवकाश दुर्बिणीला दोन्ही दिसतं. आमचा 'मागोवा' नावाचा प्रोग्रॅम मग उलटा हिशोब मांडतो. अमुक इतकं टायटॅनियम, तमुक इतकं गंधक, म्हणजे तारा असा होता, इतका जड, असा जगला, असा फुटला. मागोव्यानं काढलेलं तपासायचं, ते माझं काम.

त्या आठवड्यात मागोवा एका अवशेषावर अडून बसला होता. सगळं जुळत होतं, फक्त फॉस्फरस नव्हता. ताऱ्यात फॉस्फरस थोडाच तयार होतो, पण होतो. आपल्या हाडांत कॅल्शियमच्या जोडीला जो असतो, तोच.

मी इनामदार मॅडमना फोन लावला. आमच्या गटाच्या त्या प्रमुख. विद्यार्थी त्यांना घाबरतात, मीही अजून घाबरते.

"कॅलिब्रेशन बघितलंस?"

"बघितलं."

"पुन्हा बघ. बाळंतिणीची झोप झालेली नसते. मी माझ्या वेळी अख्खी आकाशगंगा उलटी छापली होती."

पुन्हा बघितलं. मग आणखी अवशेष काढले. तीन ठिकाणी तेच. शेवटी प्रकाशाचे प्रतिध्वनी मागवले. तारा फुटला तेव्हाचा उजेड सरळ आपल्याकडे येऊन केव्हाच निघून गेला. पण त्यातला थोडा लांबच्या धुळीच्या ढगांवर आपटतो आणि वळसा घालून शतकांनी आज पोचतो, विहिरीत मारलेली हाक उशिरा परत यावी तसा. म्हणजे स्फोटाच्या दिवशीची राख आणि आजची राख, दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात.

स्फोटाच्या दिवशी फॉस्फरस होता. आज नाही.

ठकूला पाजता पाजता मी एका हातानं नकाशा मोठा केला. फॉस्फरस सगळीकडून गेलेला नव्हता. राख धगधगत होती तिथला जागच्या जागी होता. निवलेल्या भागातला तेवढा गेला होता, आणि तोही कसा, तर शेजारी शेजारी लांब पट्ट्यांमध्ये. एका कडेपासून सुरू होऊन दुसऱ्या कडेकडे.

ते पट्टे मी चारच दिवसांपूर्वी बघितले होते. माझ्याच बोटांचे.

ठकू दचकून रडायला लागली. मी तिला फार घट्ट धरलं होतं.

*

"सावडलंय," मी मॅडमना म्हणाले. हसतील असं वाटलं होतं.

पलीकडे त्यांच्या कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाल्या, "सावडायला परकं कुणी येत नाही, मुक्ता. घरचे येतात."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या तोंडून असं काही बाहेर पडलं हे कुणाला सांगू नकोस. मी निवृत्तीला आलेय. आणखी अवशेष तपास."

तपासले. पाचव्यात फॉस्फरस सापडला, आणि मला जरा हायसं वाटलं. पण तो पसरलेला नव्हता. बाकी सगळी राख वेगानं बाहेर धावत होती आणि हा तेवढा मधोमध एका जागी, न हलता, ढीग करून ठेवल्यासारखा. राखेत पट्टे होते. म्हणजे इथलाही उचलला होता. मग परत आणून ठेवला होता.

परत का आणतील?

कपडे वाळत घालताना मला उत्तर सुचलं आणि हातातलं दुपटं खाली पडलं. दुसऱ्या कुणाचं चुकून उचललं असेल तर माणूस परत आणून ठेवतो.

मी करंजाकडे बघितलं. पांढरं फडकं वाऱ्यानं जरासं हलत होतं.

*

आई तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले, आणि कशी सुरुवात करावी ते न कळून सरळ म्हणून टाकलं, "आई, त्या कलशात बाबा नाहीत."

तिनं ताट खाली ठेवलं.

पट्टीचं सांगितलं. वितळत नाही हे सांगितलं. आधीच धुतलेल्या ओट्याचं सांगितलं.

"हे तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. म्हणजे, शंका आली होती."

"आणि मी इतके दिवस..." तिनं तोंडावर पदर धरला. "शिकलीस ना एवढी? मग तिथल्या तिथे तोंड उघडायला काय झालं होतं? परक्या माणसासमोर मी काय काय बोलले असेन! तुझ्या बाबांना कधी सांगितलं नाही तेसुद्धा बोलले गं."

मला हसू आलं आणि रडूही. आईला मात्र फक्त राग आला होता. ती उठून आत गेली. मी ठकूला घेऊन तशीच बसून राहिले. आता ही कधी माझ्याशी बोलणार नाही, असं वाटलं.

थोड्या वेळानं ती चप्पल घालून दारात उभी. "मग ते कोण आहेत?"

"कोण?"

"कलशातले. त्यांच्या घरी कुणी वाट बघत असेल की नाही? दिगूला फोन कर. दुसरं सरण कुणाचं होतं, त्याला माहीत असेल."

दादाला माहीत होतं. नदीपलीकडच्या मुळीकांच्या घरची म्हातारी. दादा फोनवर "अरे देवा, अरे देवा" एवढंच म्हणत राहिला.

मुळीकांच्या दारात त्यांची मुलगी नंदा आली, चाळिशीची, हातात झाडू. आईनं दारातूनच सगळं सांगितलं. नंदानं झाडू भिंतीला टेकवला, तो घसरून पडला, तिनं पुन्हा टेकवला.

"आम्ही त्या दिशी नदीकडनं चढून आलो," ती म्हणाली. "दहनाला रस्त्याकडनं गेलो हुतो. उजवं-डावं फिरलं बघा. भाऊ म्हणला हाच, मी म्हणलं हाच." मग एकदम, "काकू, आम्ही तर त्याच दिशी सोडलं वो. नदीत."

आईनं दाराची चौकट धरली. बाबा नदीत. आमच्यातलं कुणी जवळ नसताना, कुणाच्या तरी आईच्या नावानं. माझ्या मनात आलं ते सांगते: मी उडी मारून तळ चाळला असता. मैलोन् मैल. प्रत्येक वाळूचा कण उचलून विचारलं असतं, तू का?

"एक थांबा," म्हणत नंदा आत गेली आणि खिडकीतून काहीतरी घेऊन आली. "ह्ये घावलं हुतं. आईच्या अंगात लोखंड कुठलं? सरणातलं आसंल म्हणलं. पन टाकवंना. खिडकी आपटती तर तिथं लावलं."

बाबांची पट्टी. काळपट, थोडी निळी पडलेली, स्क्रूंसकट.

आईनं ती दोन्ही हातांत घेतली आणि मांडीवर थोपटतात तशी थोपटली. मग कलश पुढे केला. नंदानं तो छातीशी धरला, बाळ धरावं तसा, आणि विचारलं, "नीट हुती का वो तुमच्याकडं?"

"रोज दिवा लावत होते," आई म्हणाली. "आणि गप्पा मारत होते."

"बरं केलंसा. तिला बोलायला लई लागायचं."

*

पट्टी आईनं देवघराच्या खालच्या फळीवर ठेवली. त्या रात्री ती पहिल्यांदा नीट झोपली, आणि मला वाटलं, खरं सांगून टाकलं की माणूस सुटतं. पुढचं कळेपर्यंत तसं वाटत होतं.

दोन आठवड्यांनी मॅडमचा फोन आला. आवाज वेगळाच.

"उचललेली आणि परत ठेवलेली, सगळी ठिकाणं मी मागोव्याला दिली. हे सगळे तारे एकाच घडणीचे आहेत. तेवढेच जड, पदर तसेच, टायटॅनियमही त्याच प्रमाणात. ते वाटेल ती राख उपसत नाहीयेत. त्यांना एक विशिष्ट तारा हवाय. तशी दिसणारी राख भेटली की उचलतात, तपासतात, आपली नाही म्हटल्यावर परत आणून ठेवतात."

"मग त्यांचा तारा कुठला?"

"तेच मी मागोव्याला विचारलं. या घडणीची राख आपल्याला आणखी कुठे माहीत आहे? आकाशात नाही म्हणाला. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे."

त्यांच्या कपाटात काय आहे ते मला माहीत होतं. जुन्यात जुन्या उल्कांचे तुकडे. त्यांत सूर्य जन्मण्याआधीचे बारीक कण सापडतात, कुठल्याशा फुटलेल्या ताऱ्याची राख. तीच राख त्या ढगात मिसळली ज्यातून सूर्य झाला, पृथ्वी झाली, पाणी, माती झाली. आपण झालो.

"पण त्याला साडेचार अब्ज वर्षं होऊन गेली," मी म्हणाले. "इतक्या वर्षांनी कोण शोधत येईल?"

"ते प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास हिंडत असतील तर? त्याशिवाय एवढी राख उपसून होणारच नाही. त्या वेगानं जाणाऱ्याचं घड्याळ आपल्यापेक्षा किती हळू चालतं, तुला सांगायला नको. कुठेतरी लांब गेले होते, परत आले, आणि घर जळून गेलेलं. त्यांच्या हिशोबानं कदाचित अजून तिसराच दिवस असेल."

अंगणात आई ठकूला घेऊन फिरत होती. काऊ दाखव, चिऊ दाखव. ऊन होतं. मला थंडी वाजत होती.

"अजून एक आहे," मॅडम म्हणाल्या. "सूर्यमालेच्या वेशीवर जे यान आहे ना, तिथली धूळ मोजणारं. या वर्षी त्याला मिळालेल्या कणांमध्ये फॉस्फरस जवळजवळ नाही. मागच्या वर्षी होता. मी तीनदा तपासलं. झोप नीट झालेली असताना."

"वेशीवर," मी म्हणाले. वेशीइतकं थंड सूर्यमालेत कुठेच नाही.

"हो. कडेपासून."

पायांकडून, मी मनात म्हटलं.

"शोधनिबंधावर तुझं नाव पहिलं घालतेय. सावडल्याचं तू ओळखलंस." त्या थांबल्या. "घरी काही बोललीस?"

"नाही."

"नको बोलूस."

मी फोन ठेवला. आईपासून आता काही लपवायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण हे तिला कसं सांगणार? या वेळी ते बरोबर घरी, म्हणजे आपल्याकडेच, पोचले असतील, तर उचललेलं काही परत आणून ठेवणार नाहीत. आणि मी त्यांना वाईट तरी कसं म्हणू? नंदाच्या दारात उभी असताना नदीतल्या वाळूला मी काय करायला निघाले होते, ते मला आठवत होतं. वाळूत कुणाचं घर आहे का, हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

*

तिन्हीसांजेला आई ठकूला घेऊन आत आली. देवघरातला दिवा लावलेला होता, पट्टीवर त्याचा उजेड पडला होता. ठकू किरकिरत होती, मूठ तोंडात कोंबत होती. आईनं तिचा खालचा ओठ हळूच खाली ओढला.

"बघ, बघ! आला गं बाई."

हिरडीतून पांढरा ठिपका वर आला होता. तांदळाच्या कणीएवढा. मी बघत राहिले. हाडांसारखाच तो कशाचा बनलाय, ते मला माहीत होतं.

ठकूच्या पायातला पट्टा वाजला. तापमान थोडं जास्त, असं त्यावर लाल अक्षरांत आलं. एरवी मी एव्हाना अर्धं घर डोक्यावर घेतलं असतं.

"दात येताना अंग गरम लागायचंच," आई म्हणाली. "तापाचे थेंब देऊ का? लगेच उतरेल."

मी ठकूच्या कपाळावर हात ठेवला. उलटा नाही, अख्खा तळवा. धग होती. चांगली धग होती. बाहेर अंधारायला लागलं होतं, करंजाची फांदी मोकळी होती, आणि तिच्या वरच्या आभाळाकडे मला बघवत नव्हतं.

"नको," मी म्हणाले. "राहू दे थोडी गरम."